पदराची खूणगाठ

बाजारातून आठवणीनं काही आणायचं असलं की आपल्या आज्या पदराला एक गाठ मारायच्या. गाठीवर काही लिहिलेलं नसे. दुसऱ्या कोणी ती पाहिली तर त्याला ती नुसती गाठच. पण जिनं बांधली तिला पक्कं ठाऊक असे, की ही मिठाची गाठ, ही औषधाची. त्यावरूनच मराठीत ‘खूणगाठ बांधणं’ हा शब्द आला. आज ज्याला आपण ‘कोड’ म्हणतो, त्याची साधी व्याख्या या गाठीत आहे. एक खूण, तिचा एक ठरलेला अर्थ, आणि तो अर्थ ठाऊक असलेली माणसं. ही तीन जमली की कोड झाला.

यातली तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, आणि आजचं बोलणं तिच्याबद्दलच आहे. खुणेचा अर्थ कोणाला सांगितला आणि कोणाला सांगितला नाही? आपण त्या खुणेच्या आत आहोत की बाहेर?

आधी निसर्गाकडे बघू. मे महिना संपत आला, वळवाच्या सरी पडू लागल्या, की भंडारदऱ्याच्या बाजूला, पुरुषवाडीसारख्या गावांत झाडंच्या झाडं काजव्यांनी लुकलुकतात. आपल्याला ती शोभा वाटते. काजव्यांसाठी मात्र ते बोलणं असतं. उडणारा नर ठरलेल्या तालात प्रकाश टाकतो, बसलेली मादी ठरलेल्या वेळानं उत्तर देते. प्रत्येक जातीचा ताल वेगळा, म्हणून अंधारातही आपला जोडीदार चुकत नाही. पण अमेरिकेत ‘फोट्युरिस’ नावाच्या काजव्यांची एक जात आहे. तिची मादी दुसऱ्या जातीच्या मादीचा ताल हुबेहूब उचलते. बिचारा नर आपलीच कोणी बोलावते आहे असं समजून जवळ येतो आणि ती त्याला खाऊन टाकते. आपली खूण परक्याला कळली तर काय होतं, याचा हा धडा लक्षात ठेवा. शेवटी तो पुन्हा उपयोगी पडणार आहे.

आता कामतघरला येऊ. वऱ्हाळादेवीचं देऊळ आणि तिथला तलाव सगळ्या भिवंडीला माहीत आहे. तसाच माहीत आहे तो आसपासच्या गल्ल्यांतला मागांचा खडखडाट. कामतघर, पद्मानगर या भागात तेलुगू बोलणारी पद्मशाली विणकर कुटुंबं येऊन राहिली, त्यांनी माग चालवले, त्यांच्या घरातल्या बायकांनी कांड्या भरल्या. मागाच्या खात्यात पाऊल टाकलं की सगळा कारभार खुणांचा. सुताचा नंबर ६० म्हणजे काय? ८४० यार्डांची एक लड, अशा ६० लडी मिळून वजन एक पौंड. म्हणजे नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. कापडाचं रीड आणि पिक सांगितलं की जाणत्याला कळतं, एका इंचात उभे धागे किती आणि आडवे किती. दोन आकड्यांत कापडाची घनता सांगून होते.

यापुढची खूण जास्त नवलाची आहे. साधं कापड असेल तर उभे धागे आलटून पालटून वर-खाली होतात, मधून धोटा जातो. पण कापडात बुट्टी हवी असेल, काठावर वेलपत्ती हवी असेल, तर कोणत्या फेरीला कोणता धागा उचलायचा हे मागाला सांगावं लागतं. ते सांगतात कसं? काही मागांवर डॉबी असते. तिच्यात लाकडी पट्ट्यांची साखळी आणि त्यात ठोकलेल्या बारक्या खुंट्या. खुंटी असेल तिथे धागे उचलायचे, नसेल तिथे नाही. मोठ्या नक्षीसाठी जेकार्ड असतो. त्याला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ लागते. भोक असेल तिथे आकडा धागा उचलतो, भोक नसेल तिथे तो तसाच राहतो. ‘आहे’ आणि ‘नाही’, एवढ्या दोनच शब्दांत अख्खी साडी सांगून होते.

हा जेकार्ड फ्रान्समधल्या लिऑन या रेशमाच्या शहरातला. जोसेफ मारी जॅकार नावाच्या माणसानं आधीच्या कारागिरांचे प्रयत्न एकत्र करून १८०४ च्या सुमाराला तो उभा केला. त्याच्या आधी नक्षीच्या विणकामात विणकराशेजारी एक माणूस बसून हातानं दोऱ्या ओढायचा. त्याचं काम पुठ्ठ्यावर गेलं, म्हणून तिथल्या विणकरांनी या यंत्राला विरोधही केला. पुढे १८३९ मध्ये खुद्द जॅकारचं चित्र रेशमात विणलं गेलं. त्याला सुमारे २४,००० पुठ्ठे लागले.

त्या काळात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेज नावाचे गणिती आकडेमोड करणाऱ्या यंत्राचा आराखडा आखत होते. यंत्राला हुकूम कसा द्यायचा, हा त्यांचा प्रश्न मागाच्या पुठ्ठ्यानं सोडवला. आणि त्या यंत्रावर सगळ्यात खोल विचार करून लिहिलं ते एका बाईनं. एडा लव्हलेस तिचं नाव. १८४३ मध्ये तिच्या टिपा छापल्या. माग जशी फुलं-पानं विणतो तसं हे यंत्र बीजगणित विणेल, असं तिनं त्यात मांडलं. हे यंत्र आकड्यांपलीकडे जाऊन कधी संगीतही रचू शकेल, इथवर तिचा विचार गेला होता. आजचा संगणक, आपल्या हातातला मोबाईल, याच ‘आहे-नाही’च्या भाषेवर चालतो. पण मैत्रिणींनो, तिच्या लेखाखाली नाव काय छापलं होतं? नुसती आद्याक्षरं, ए. ए. एल. लिहिणारी बाई आहे हे त्या तीन अक्षरांमागे झाकलं गेलं.

हे सगळं ऐकून ‘आपल्याला कुठं जमतंय’ असं कोणी म्हणेल. तर तिनं आपल्या अंगणाकडे पाहावं. ‘ठिपके ११ ते ६’ असं म्हटलं की रांगोळी काढणारीला पुढे काही सांगावं लागत नाही. मधल्या ओळीत ११ ठिपके, मग दोन्ही अंगांना १०, ९, ८, ७, ६, प्रत्येक ओळ ठिपक्यांच्या मधोमध सरकवून. मोजून बघा, बरोबर ९१ ठिपके होतात. तीन शब्दांत ९१ ठिपक्यांची जागा सांगणं, हा कोडच झाला. शेजारची तेलुगू वहिनी तिचा मुग्गू काढते तेव्हा बोली वेगळी असते, पण ठिपके मोजण्याची रीत आपल्याला लगेच कळते. स्वेटर विणताना ‘दोन सुलट, दोन उलट’ म्हणतो तेही तसंच, आणि जेकार्डच्या पुठ्ठ्यापेक्षा ते वेगळं नाही. आज्यांनी हे कोड नातींना दिले, शेजारणींना दिले, मासिकांत छापले. कोणापासून लपवले नाहीत. म्हणून ते टिकले.

कोड लपवला तर काय होतं, त्याची गोष्ट आपल्या मराठीच्या अगदी सुरुवातीला आहे. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी महानुभाव पंथाचा उपदेश मराठीत केला. ज्ञान त्या काळी संस्कृतात होतं आणि संस्कृत बायकांच्या कानावर पडत नव्हतं. पुढे पंथातल्या एका विद्वान शिष्यानं संस्कृतात ग्रंथ लिहायचं मनात आणलं, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्याला अडवलं. संस्कृतात लिहिलंस तर पंथातल्या म्हाताऱ्या बायका या ज्ञानाला मुकतील, असं त्यांचं म्हणणं. म्हाताऱ्या बायकांना कळावं म्हणून ग्रंथाची भाषा ठरवली गेली, ही केवढी मोठी गोष्ट! त्याच पंथातली महदंबा, म्हणजे महदाइसा, ही मराठीतली पहिली ज्ञात कवयित्री. तिचे ‘धवळे’ म्हणजे लग्नाची गाणी. म्हाइंभटांचं ‘लीळाचरित्र’ हा मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ, तोही त्याच परंपरेतला.

पण पुढे काळ बदलला. आपले पवित्र ग्रंथ परक्यांच्या हाती पडू नयेत म्हणून पंथीयांनी सांकेतिक लिप्या तयार केल्या. सकळ लिपी, सुंदरी लिपी अशी त्यांची नावं. एका अक्षराच्या जागी ठरवलेलं दुसरंच अक्षर किंवा चिन्ह लिहायचं, किल्ली फक्त दीक्षा घेतलेल्यांकडे. हेतू जपण्याचा होता, आणि ग्रंथ जपले गेलेही. पण बाहेरच्या मराठी माणसाला शतकानुशतकं त्यांचा पत्ताच नव्हता. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांसारख्या अभ्यासकांनी या लिपीची किल्ली शोधली, मग पंथातल्या महंतांनीही पोथ्या दाखवायला सुरुवात केली, आणि मराठीचं हे पहिलं दालन उघडलं. तोवर आपल्या पहिल्या कवयित्रीचं नाव किती मराठी बायकांच्या कानावर गेलं असेल? जी भाषा म्हातारीला कळावी म्हणून निवडली, तिच्यावरच पुढे लिपीचं कुलूप पडलं होतं.

दुसरी गोष्ट मोडीची. मोडी ही काही गुप्त लिपी नव्हती. भरभर लिहिता यावं, लेखणी सारखी उचलावी लागू नये, म्हणून कारभारात ती वापरत. जमिनीचे कागद, हिशेब, करार, कर्जरोखे सगळे मोडीत. ज्याला वाचता येई त्याला ती उघडी होती, ज्याला येत नसे त्याला कुलूपबंद. आणि शेतकरी बहुतेक दुसऱ्या गटातले. सावकार कागद लिहायचा, कुणबी खाली नांगराची खूण करायचा किंवा अंगठा उठवायचा. वर काय लिहिलं आहे हे लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

याचा शेवट काय झाला? १२ मे १८७५ या दिवशी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकरी सावकारांच्या घरांवर चालून गेले. त्यांना मुख्यतः हवे होते ते कर्जरोखे आणि वह्या. ते त्यांनी बाहेर काढले आणि जाळले. ही आग पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांतल्या गावांत पसरली. इतिहासात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. कापसाचे पडलेले भाव, शेतसाऱ्याची वाढ, वाढतं व्याज, अशी कारणं त्यामागे होती. पण रागाचा रोख कागदावर होता हे विसरू नका. जो कागद आपल्याला वाचता येत नाही आणि तरी आपली जमीन नेऊ शकतो, त्या कागदावर तो राग होता. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्यात एक महत्त्वाची गोष्ट होती. शेतकऱ्याचा रोखा यापुढे सावकाराच्या ओसरीवर नाही, तर नेमलेल्या ग्रामनिबंधकासमोर व्हायचा. दोघांमधल्या कागदाला तिसरा जाणता साक्षीदार हवा, हे सरकारला तेव्हा पटलं.

आज उलटं झालं आहे. मोडी वाचणारेच थोडे उरले. पणजोबांच्या जमिनीचा कागद घरातल्या ट्रंकेत असतो आणि तो वाचायला माणूस शोधावा लागतो. राज्याचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो. आपल्या मुलींपैकी एखादी ते शिकली तर गावाचा मोठा उपयोग होईल.

हातांच्या खुणांतही हीच दोन रूपं दिसतात. गोंधळी मंडळींकडे करपल्लवी नावाची कला आहे. प्रेक्षकानं एकाच्या कानात नाव सांगायचं, त्यानं बोटांच्या हालचालींनी ते दूरच्या साथीदाराला कळवायचं, आणि साथीदारानं मोठ्यानं सांगायचं. प्रेक्षक थक्क होतात, कोणाचं नुकसान होत नाही. हीच बोटं बाजारात रुमालाखाली गेली की वेगळा खेळ सुरू होतो. गुरांच्या बाजारात दलाल उपरण्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव ठरवतात. नवी मुंबईत वाशीच्या फळबाजारात आंब्याचा सौदाही अशा रुमालाखाली होत आला आहे. ज्याचा बैल, ज्याचा आंबा, तो शेतकरी बाजूला उभा. रुमालाखाली काय आकडा ठरला ते त्याला दिसत नाही. म्हणूनच शेतकऱ्यांनी वेळोवेळी उघड लिलावाची मागणी केली. बोटं तीच आणि कसबही तेच. पण ज्याचा माल त्यालाच अर्थ कळू नये अशी सोय असेल, तर त्या खुणेत खोट आहे असं समजावं.

आता एक असा कोड पाहू, जो सगळ्यांना आत घेण्यासाठीच बनवला. आपल्याकडे वडगाव किती, पिंपळगाव किती! पत्र नेमकं कुठल्या वडगावला जायचं? त्यात पत्ता कोणी मराठीत लिहिणार, कोणी तेलुगूत, कोणी उर्दूत, आणि अक्षर कसंही असणार. यावर तोडगा काढला तो एका मराठी माणसानं. श्रीराम भिकाजी वेलणकर हे संस्कृतचे कवी आणि टपाल खात्यातले मोठे अधिकारी. त्यांच्या कल्पनेतून आलेला सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाला. भिवंडीचा पिनकोड ४२१ नं सुरू होतो. पहिला आकडा ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश, छत्तीसगडचा टपाल विभाग. पुढचे दोन आकडे मिळून पत्रं कुठे छाटायची ते ठरतं, आणि शेवटचे तीन आकडे नेमकं टपाल कार्यालय सांगतात. याला कुलूप नाही, किल्ली नाही. सहा आकडे लिहिता आले की भाषा येवो न येवो, पत्र पोचतं. तेलंगणातल्या आईचं पत्र कामतघरच्या लेकीला मिळावं, यासाठी दोघींना एकमेकींच्या गावची लिपी यायची गरज उरली नाही.

तर मैत्रिणींनो, इतिहासातून हाती आलेली खूणगाठ ही. काही कोड सगळ्यांनी वाचायचे असतात आणि काही एकटीनं जपायचे असतात. आपल्या घरात दोन्ही आहेत, आणि बरेचदा आपण उलटं करतो. वाचायचे ते वाचत नाही आणि जपायचे ते सांगून टाकतो.

वाचायचे कोणते ते आधी सांगते. गॅसच्या टाकीवर, वरच्या कड्याला जोडलेल्या पट्टीच्या आतल्या बाजूला एक इंग्रजी अक्षर आणि दोन आकडे असतात. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी म्हणजे जुलै ते सप्टेंबर, डी म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर. सी-२७ असेल तर त्या टाकीची पुढची तपासणी २०२७ च्या जुलै ते सप्टेंबरमध्ये व्हायला हवी. तारीख उलटून गेलेली टाकी आली तर घेऊ नका, बदलून मागा.

कीटकनाशकाच्या डब्यावर एक तिरपा चौकोन असतो आणि त्याच्या खालच्या अर्ध्या भागात रंग. लाल म्हणजे अत्यंत जहाल, त्याखालोखाल पिवळा, मग निळा, आणि हिरवा म्हणजे त्यातल्या त्यात सौम्य. हिरवा म्हणजे निर्धोक असं मात्र नाही, तेही विषच. फवारणीला जाणाऱ्याला अक्षर येत नसलं तरी रंग दिसतो. घरातल्या प्रत्येकाला हा रंगांचा कोड शिकवा, मुलांनाही.

सोनं घेताना दागिन्यावर तीन खुणा बघा. बीआयएसचं चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. २२ कॅरेटला ९१६, म्हणजे हजार भागांत ९१६ भाग सोनं. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कचा दागिना या सहा अक्षरी क्रमांकाशिवाय विकता येत नाही. ‘बीआयएस केअर’ या मोबाईल अ‍ॅपमध्ये तो क्रमांक टाकला की दागिन्याची नोंद समोर येते. सोनाराच्या शब्दावर विसंबण्याऐवजी त्याच्या दुकानात उभं राहूनच पाहता येतं.

आता जपायचे कोड. एटीएमचा पिन, मोबाईलवरून पैसे पाठवायचा पिन, आणि मोबाईलवर येणारा ओटीपी. हे पदराच्या गाठीसारखे. अर्थ फक्त बांधणारीला ठाऊक हवा. बँकेतून बोलतोय, लाडकी बहीण योजनेतून बोलतोय, गॅसच्या अनुदानासाठी बोलतोय, असं सांगून कोणी ओटीपी मागितला, तर ती अमेरिकेतली काजव्याची मादी आठवा. ओळखीचा ताल धरून परकाच बोलावतो आहे. बँक असो की सरकारी कचेरी, फोनवर ओटीपी कोणी विचारत नाही. आणि पैसे खात्यात यायचे असतील तर पिन टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत.

राहता राहिला बचत गटाचा कारभार. गटाची वही, बँकेचं पासबुक, कर्जाचा कागद हे तिसऱ्या प्रकारचे. ते बाहेरच्यांसाठी बंद, पण गटातल्या प्रत्येकीसाठी उघडे असले पाहिजेत. सुप्याच्या शेतकऱ्यांनी जो कागद जाळला, तो त्यांना कोणी वाचून दाखवला नव्हता. आपल्या गटात तसा एकही कागद नसावा. दर बैठकीत वहीची त्या महिन्याची पानं मोठ्यानं वाचा. बँकेचा अर्ज आला तर सही करण्याआधी तो अथपासून इतिपर्यंत वाचून घ्या, वाचता येणारी आपल्यातली असो की एखादी कॉलेजात जाणारी लेक. जिला अक्षर येत नाही तिनं संकोच न करता विचारावं, ‘इथं काय लिहिलंय? हा आकडा कशाचा?’ आणि बाकीच्यांनी तिला नीट उत्तर द्यावं. ज्या बाईला ९१ ठिपके न चुकता मांडता येतात, तिला व्याजाचा रकाना समजणार नाही असं म्हणू नये.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीनं घरातली एक खूण कागदावर उतरवून आणा. टाकीवरचा आकडा, औषधाच्या पाकिटावरची ओळ, वीजबिलावरचा ग्राहक क्रमांक, खताच्या गोणीवरचे आकडे, काहीही. फक्त पिन आणि ओटीपी आणू नका. गोल करून बसा आणि एकेकीचा अर्थ लावा. जो लागणार नाही तो बँकेत, दवाखान्यात किंवा कृषी सहायकाला विचारा, आणि त्याच्या पुढच्या बैठकीत सगळ्यांना सांगा.